धृपद कोणी उचलावे

सुगी आटोपली, खळी रिकामी झाली, की हिंगोली जिल्ह्यातील गावोगावच्या मारुतीच्या देवळांवर अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका लागू लागतात. पत्रिकेतील मजकूर बहुधा ठरलेला असतो. पहाटे चार ते सहा काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे अथवा गाथ्याचे पारायण, सायंकाळी पाच ते सहा हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर हरिजागर, असा सात दिवसांचा क्रम त्यात दिलेला असतो. कीर्तनकारांची नावे ठळक टाइपात छापलेली असतात. त्यांच्याखाली गायनाचार्य व मृदंगाचार्य, त्यांच्याखाली हार्मोनियमवादक, विणेकरी आणि चोपदार यांची नावे येतात. आणि अगदी तळाशी, एकाही व्यक्तीचे नाव न घेता, ‘समस्त भजनी मंडळ व पंचक्रोशीतील टाळकरी’ एवढाच मोघम उल्लेख असतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही तळची ओळ आहे. कारण मराठी मुलखातील भजनपरंपरेत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे स्थित्यंतर घडून आले, ते वरच्या नावांच्या अनुषंगाने पुष्कळ सांगितले गेले असले, तरी त्याचे खरे मर्म या निनावी टाळकऱ्याच्या भाग्यातील चढउतारात साठविलेले आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

एकाच देवळात, एकाच एकादशीच्या रात्री, दोन निरनिराळ्या तऱ्हांची भजने ऐकण्याचा योग या भागात पुष्कळदा येतो. पहिल्या तऱ्हेत माणसे दोन रांगा करून समोरासमोर उभी राहतात, गळ्यात टाळ, मध्ये विणेकरी आणि पखवाजी. कोणी एक जण अभंगाचा पहिला चरण म्हणतो, समोरची रांग तो उचलते, पुन्हा पहिली रांग तो घेते, पावले आपोआप पुढेमागे पडू लागतात, आणि अर्ध्या घटकेत म्हणणारा कोण व ऐकणारा कोण हा भेदच उरत नाही. दुसऱ्या तऱ्हेत मंडळी सतरंजीवर बसतात, मध्यभागी पेटी, शेजारी तबला-डग्गा, बुवांच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक. बुवा आलाप घेतात, शब्द खुलवितात, एखाद्या जागी तान फेकतात, आणि समोर बसलेली मंडळी ‘वाहवा’ म्हणून माना डोलावितात. गावकरी पहिल्याला ‘वारकरी भजन’ आणि दुसऱ्याला ‘संगीत भजन’ म्हणतात. अभंग तोच असतो, देव तोच असतो, पुष्कळदा गाणारी माणसेही तीच असतात. आणि तरीही दोहोंतून उठून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनाची अवस्था एकसारखी नसते.

हा भेद हिंगोली जिल्ह्यातच विशेष विचारणीय वाटावा यास कारण आहे. कयाधू नदीच्या काठचे मौजे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने पूजिले आहे. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी हा त्यांचा जन्मदिवस मानला जातो, आणि त्यांच्या नावाची पालखी आजही दर आषाढीला नर्सीहून पंढरीस जाते. ज्ञानदेवांनी तत्त्वज्ञान दिले. परंतु ते तत्त्वज्ञान वाळवंटात उभे राहून शेकडो लोकांच्या मुखी घालण्याची युक्ती, म्हणजे वारकरी कीर्तन, हे नामदेवांचे देणे होय असे संप्रदाय मानतो. जातीने शिंपी असलेल्या या पुरुषाने कीर्तनाचे जे वस्त्र बेतले, त्याची शिवण आज सातशे वर्षे उसवलेली नाही.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवालयाची कथा येथे आठवते. नामदेव कीर्तनास उभे राहिले असता देवापुढील जागा त्यांना नाकारण्यात आली. ते मुकाट्याने देवळाच्या पाठीमागे गेले आणि तेथेच उभे राहून त्यांनी कीर्तन आरंभिले. तेव्हा ते ऐकण्यासाठी देऊळच फिरले, म्हणूनच तेथील नंदी देवासमोर नसून मागे राहिला, असे लोक सांगतात. कथेच्या ऐतिहासिकतेचा काथ्याकूट करण्याचे प्रयोजन नाही. लोकमानसाने या कथेत जे साठवून ठेविले ते एवढेच, की कीर्तनाची प्रतिष्ठा ते कोणत्या जागी उभे राहते यावर नसते. चार माणसे जेथे टाळ घेऊन उभी राहतील, तेथेच दर्शनी बाजू होते.

नामदेवांच्या काळचा अभंगच मुळी समूहाच्या कंठासाठी घडविलेला आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. चौथा चरण असा आखूड असल्यामुळे तेथे स्वराला पसरावयास अवकाश मिळतो, टाळाचा ठोका पुढे येतो, आणि ज्याला शब्द नीट पाठ नाहीत तोही यमकाच्या आधाराने पुढच्या आवर्तनात सामील होऊ शकतो. लगाक्रमाचे काटेकोर बंधन नाही, राग जाणण्याची अट नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात मुरलेला असला म्हणजे पुरे. निजामाच्या अमलात या भागात कचेरीचे दप्तर उर्दूत चाले, शाळा विरळ होत्या, आणि रयतेतील बहुसंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती. अशा काळात नामदेव-तुकोबांची मराठी खेडोपाडी जिवंत राहिली ती छापील गाथ्यांपेक्षा या म्हणण्याच्या आणि उचलण्याच्या रीतीमुळे राहिली. देवळात आजोबांच्या मांडीवर बसलेले पोर दहा वर्षांचे होईतो शंभर-दीडशे अभंग मुखोद्गत करून बसे, आणि कोणी त्याला ते शिकविले असे म्हणता येत नसे.

या जुन्या भजनाचा सरंजाम अगदी थोडका. काशाचे टाळ, एकतारी अथवा वीणा, चिपळ्या आणि पखवाज. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे धुमेवर, भजनापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. पखवाजी ती कणीक अंगठ्याने कडेकडेने पसरतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो, आणि खर्जाचा तो घुमारा देवळाच्या खांबांतून परत आला म्हणजे मान हलवितो. रात्र चढते तशी कणीक सुकू लागते, धूम चढते, आणि दोन अभंगांच्या मध्ये पखवाजी पाण्याचा हात तिच्यावरून फिरवितो. थाप पडते ती उघड्या पंजाची. तिचा नाद मोकळा सुटतो आणि पन्नास टाळांच्या कल्लोळातूनही भुईतून आल्यासारखा ऐकू येतो. तबल्यावर तीच बोटे निराळे काम करतात: तेथे नाद दाबून, वळवून, नेमका केला जातो, एका गळ्याच्या एका हरकतीला उत्तर देता येईल इतका तो सूक्ष्म होतो. पखवाज समुदायाला पायाखालची जमीन देतो. तबला गवयाशी संवाद करतो. दोन्ही श्रेष्ठच, पण प्रयोजने भिन्न.

पेटी आली ती दूरवरून. पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने १८४०च्या सुमारास घडविलेले हार्मोनियम हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून एका हाताने भाता हलविता येईल असे रूप दिले, आणि मराठी संगीत रंगभूमीने त्याला आश्रय दिला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, आणि पुढील चार-पाच दशके नाटकमंडळ्यांच्या दौऱ्यांबरोबर पदांच्या चाली पेठापेठांतून पसरल्या. नाट्यपदाची चाल ओठावर बसलेल्या रसिकाला तीच चाल अभंगालाही लावावीशी वाटली, यात नवल नाही. नारदीय कीर्तनकाराने तर पूर्वरंग व उत्तररंग अशी मांडणी करून, साकी, दिंडी, आर्या यांची योजना करून, पेटी-तबल्याच्या साथीने एकट्याने सभा रंगविण्याचा आदर्श आधीच घालून दिला होता. या सर्वांच्या संगमातून संगीत भजन आकारास आले. मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणात त्याने डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचे रूप घेतले, आणि मराठवाड्यात ते भजनस्पर्धांच्या मांडवात स्थिरावले.

ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या काळात खेड्यातील देवळांतून पेटी मूळ धरीत होती, त्याच काळात, १९४० साली, ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीच्या ठरीव पट्ट्यांतून श्रुती व मींड निघत नाही, हा त्यामागचा आक्षेप होता आणि शास्त्रदृष्ट्या तो निराधार नव्हता. परंतु भजनाच्या बाबतीत पेटीने घडवून आणलेला फरक श्रुतीचा नव्हताच. पेटीने सूर बांधून दिला, आणि सूर बांधला गेला तसा बेसूर उघडा पडला. ज्याचा गळा काळी चारला पोहोचत नाही, ज्याचा आवाज घोगरा आहे, असा माणूस पन्नास टाळांत निर्धास्तपणे म्हणत होता. पेटीच्या शेजारी तो गप्प बसू लागला. पाठोपाठ ध्वनिक्षेपक आला. तोपर्यंत टाळकऱ्यांनी चरण उचलणे ही केवळ रीत नव्हती, तर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याचे ते साधनच होते. कर्ण्याने ते काम स्वतःकडे घेतले, आणि टाळकरी गरजेतून उठून शोभेच्या जागी जाऊन बसला.

हे स्थित्यंतर आपल्याच मुलखात घडले असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या आग्नेयेकडील ॲपलेशियन डोंगराळ मुलखात शेतकऱ्यांचे एक जुने वादन होते. फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, आणि गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून उत्क्रांत झालेला बँजो, ही त्याची मुख्य वाद्ये. सर्व वादक एकदमच, एकच चाल, पुन्हा पुन्हा वाजवीत, आणि शेजारीपाजारी तिच्यावर नाचत. बँजो वाजविणारा नखाची पाठ वरून खाली तारांवर मारी आणि अंगठा आखूड तारेवर टाकी. त्यातून जो ठेका निघे तो नाचणाऱ्याच्या पायासाठी होता. पुढे केंटकी प्रांतातील रोझीन गावच्या बिल मन्रो या मँडोलिनवादकाने १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणीवरील मैफलीत पाऊल ठेविले. जुन्याच चाली त्याने चढ्या पट्टीत आणि द्रुत लयीत घेतल्या. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण त्याच्या ताफ्यात आला, ज्याने अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून बँजोवर सुरांची अखंड धार धरली. आता वादक एकामागून एक पुढे येऊ लागला, ध्वनिक्षेपकापाशी उभा राहून आपला डाव मांडू लागला आणि टाळ्या घेऊन मागे सरू लागला. मन्रोच्या ताफ्याचे नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ होते. त्यावरून या पद्धतीला ब्लूग्रास म्हणू लागले, आणि जी जुनी रीत मागे उरली तिला ‘ओल्ड-टाइम’, म्हणजे जुन्या काळचे संगीत, असे नाव रूढ झाले. दोहोंची वाद्ये पुष्कळशी तीच, चालीही पुष्कळशा त्याच. पण एक रीत आजूबाजूच्यांना सामील करून घेते आणि दुसरी त्यांना समोर बसविते. व्हर्जिनियातील गॅलॅक्स गावी १९३५पासून फिडलवादकांचा मेळा भरतो. तेथे आज ब्लूग्रास बँजो आणि जुन्या पद्धतीचा बँजो यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या घ्याव्या लागतात, इतक्या या दोन वाटा एकमेकींपासून दूर गेल्या आहेत.

या परदेशी उदाहरणातून एक बोध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जुन्याला जुने हे नाव त्याच्या हयातीत कोणी दिलेले नसते. नव्याचा जन्म झाल्यावरच ते बारसे होते. आपल्याकडेही ‘वारकरी भजन’ असे विशेषण लावण्याची गरज पूर्वी कोणाला भासली नसणार; ते नुसते भजन होते. आणि म्हणूनच जुने म्हणजे स्थिर, अचल, असे मानणे ही चूक होय. देहूकर, वासकर इत्यादी फडांनी आपापल्या चाली आणि शिस्त घडविली. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापून कीर्तनाला अध्ययनाची बैठक दिली. आणि आज सप्ताहाच्या पत्रिकेत हार्मोनियमवादकाचे नाव मृदंगाचार्याच्या खालोखाल निःसंकोच छापले जाते. वारकरी कीर्तनाने पेटी स्वीकारली, पण टाळकऱ्यांची रांग मोडली नाही. म्हणजे भेद वाद्यात नाही. वाद्य कोणाच्या हाती कोणत्या कामासाठी दिले जाते, यात आहे.

नव्या रीतीचे ऋण मान्य न करणे हा कृतघ्नपणा ठरेल. भीमसेन जोशींच्या संतवाणीने अभंगाला अशा श्रोत्यांपर्यंत नेले ज्यांनी कधी टाळ हाती धरला नव्हता. श्रीनिवास खळ्यांच्या चालींनी तुकोबांच्या शब्दांतील व्याकुळता कित्येकांना प्रथमच जाणवून दिली. आणि प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजाने विठ्ठल एसटीच्या थांब्यावरच्या चहाच्या टपरीत आणून उभा केला. खेड्यातील ज्या पोराला पेटीवर बोट ठेवण्याची संधी भजनी मंडळात मिळाली, त्याला रागाची ओळख तेथेच झाली. त्याच्यासाठी दुसरे संगीत विद्यालय जवळपास नव्हते. समर्थ गळा ऐकत स्तब्ध बसणे ही सुद्धा एक उपासना आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती एकमेव उपासना होऊ नये. कारण श्रोता कितीही रसिक झाला तरी अभंग त्याच्या कानात राहतो, आणि टाळकरी कितीही बेसूर असला तरी अभंग त्याच्या मुखी राहतो.

नर्सीच्या सुपुत्राची, नामदेवांची, वाणी पंजाबातही गेली, आणि तिकडेही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. त्यांची ६१ पदे श्री गुरू ग्रंथसाहिबात १८ रागांखाली समाविष्ट आहेत. घुमान येथे त्यांचे स्मारकस्थान आहे. आणि हिंगोलीहून फार लांब नसलेल्या नांदेडच्या हजूरसाहिबात त्या ग्रंथाची नित्य पूजा चालते. शीख कीर्तनात पूर्वी रबाब, सारंदा, ताऊस अशी तंतुवाद्ये असत. पुढे पेटीने त्यांची जागा घेतली, आणि २०२२ साली अकाल तख्ताच्या जथेदारांनी, सुवर्णमंदिरातून तीन वर्षांत हार्मोनियम टप्प्याटप्प्याने काढून तंतुवाद्ये पुनः प्रतिष्ठित करावीत, असा निर्देश दिला. तेथे प्रश्न रागशुद्धतेचा आणि गुरूंच्या काळच्या वाद्यांचा आहे. आपल्याकडे तो सहभागाचा आहे. एकाच संताचे शब्द दोन प्रांतांत दोन रीतींनी गायिले जातात, आणि दोन्हीकडची भाविक माणसे सातशे वर्षांनंतरही ते कसे गावे याविषयी मनापासून विचार करतात, याहून मोठे स्मारक नामदेवांना कोणते हवे?

जुनी रीत राखण्यासाठी कोठे सनद मिळवावी लागत नाही, की इनाम जमीन लागत नाही. अमेरिकेत जुन्या वादनाचे पुनरुज्जीवन १९५८च्या सुमारास शहरी तरुणांनी जुन्या तबकड्या ऐकून केले. आपल्याला तितके लांब जाण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे तबकडीच्या आधीचा माणूस अजून गावात आहे. सायंकाळी पाच वाजता हरिपाठास उभे राहणाऱ्या पोरांच्या हाती टाळ द्यावे, पावली शिकवावी, ध्वनिक्षेपक त्या एका तासापुरता बंद ठेवावा, आणि चरण कोणी उचलला नाही तर सांगणाऱ्याने तो स्वतःच पुन्हा न म्हणता क्षणभर थांबावे. ते थांबणे फार मोलाचे असते. त्या निःशब्द क्षणी मागच्या रांगेतील एखादा लाजरा आवाज प्रथमच बाहेर येतो.

सप्ताहाच्या पत्रिकेत एक गोष्ट छापलेली नसते. ती देवळाच्या भिंतीवर हाताने लिहिलेल्या यादीत असते. तिला पहाऱ्याची यादी म्हणतात. सप्ताह बसल्यापासून काल्यापर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही, असा दंडक असल्यामुळे गावातील माणसे ठरावीक तासांचे पहारे वाटून घेतात. रात्री तीनचा पहारा बहुधा अशा कोणाच्या वाट्याला येतो ज्याला दिवसभर शेतात काम आहे. तो अंगावर घोंगडी घेऊन येतो, पाय धुतो, समोरच्याच्या पाया पडतो. समोरचाही त्याच्या पाया पडतो, मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि तेवढ्या वेळात तारेवरचे बोट थांबत नाही. त्याला चाल येते की नाही हे कोणी विचारीत नाही, आणि ऐकावयास त्या वेळी कोणी जागेही नसते. तो उभ्या उभ्या नाम घेत राहतो, पहाटे चारला काकड्याची मंडळी डोळे चोळीत आत येतात, टाळ उचलतात, आणि त्याच्या तोंडचा चरण न तुटता त्यांच्या तोंडी जातो.